दांडीवर गुंडाळलेल्या लोकरीचा पीळ आणि एक बिनबुडाचा संदेश

विणकाम करणाऱ्यांच्या समूहांमधून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. लाकडी दांडीवर हाताने लोकर गुंडाळून आतून सुटणारा गुंडा करण्याची जी साधी पद्धत आहे, तिच्यावर त्यात पाच आरोप केलेले आहेत. आतल्या टोकाने लोकर ओढली की प्रत्येक वेढ्यामागे तिचा पीळ सुटतो आणि विणलेला कपडा दोन-तीन वर्षांत विरतो, यंत्रावर गुंडाळलेल्या लोकरीचे मात्र असे होत नाही, हा पहिला. हाताच्या ताणामुळे लोकरीची लवचीकता कायमची जाते, हा दुसरा. तळहाताच्या घामामुळे गुंड्याला कसर लागते, म्हणून तयार गुंडा दोन मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये ठेवावा, हा तिसरा. आतून सुटणारा गुंडा हमखास गुंततो आणि दांडी विशिष्ट लाकडाचीच लागते, हे उरलेले दोन. लिहिणाऱ्याचे नाव कुठेही नाही. ‘अनेक तज्ज्ञांच्या मते’ एवढाच काय तो आधार. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देते. परंतु माझ्या मावशीने हा संदेश वाचून कपाटातले सगळे गुंडे बाहेर काढले आणि मायक्रोवेव्ह नेमका कितीवर ठेवायचा, हे मला फोन करून विचारले, तेव्हा सोडून देणे शक्य राहिले नाही.

म्हणून सर्वांत आधी मायक्रोवेव्ह. लोकरीचा गुंडा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. दोन मिनिटे नाही आणि अर्धे मिनिटही नाही. मायक्रोवेव्हमधली उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही, आणि घट्ट गुंड्याच्या पोटात निर्माण झालेली उष्णता बाहेर पडायला वाव नसतो, त्यामुळे बाहेरून गुंडा ठीक दिसत असतानाच आतली लोकर करपू शकते किंवा पेट घेऊ शकते. लोकरीत धातूची चमकदार जरीची तार असेल तर ठिणग्या उडतात. लोकर म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे ॲक्रिलिक असते, आणि ॲक्रिलिक जास्त तापले की कायमचे लुळे पडते. राहिली कसर. मळलेल्या, घामट लोकरीकडे कसरीच्या अळ्या अधिक ओढल्या जातात, हे खरे आहे आणि तेवढे मी मान्य करते. पण गुंडा करताना लोकर हातातून एकदा जाते, ती वीस-पंचवीस मिनिटांत. नंतर विणताना तीच लोकर कित्येक तास बोटांतून सरकत राहते. गुंडाळतानाच्या घामाने कसर लागत असती, तर हाताने विणलेला एकही स्वेटर कपाटात टिकला नसता. कसरीची खरोखरच शंका असेल तर लोकर बंद पिशवीत घालून गोठवावी. संग्रहालयांतही लोकरी वस्तूंसाठी हाच उपाय वापरला जातो, आणि त्यात काही पेटत नाही.

आता पिळाचा आरोप. संदेशातला हा सर्वांत शास्त्रीय वाटणारा भाग आहे आणि नेमका हाच भाग उफराटा आहे. तो समजण्यासाठी दांडीवर गुंडा कसा होतो ते आधी पाहू. दांडी साधारण वीस ते तीस सेंटिमीटर लांब, गोल, गुळगुळीत आणि टोकाकडे निमुळती असते. स्कँडिनेव्हियात तिला नॉस्टेपिने म्हणतात. लोकरीचे पहिले टोक वीतभर मोकळे सोडून मुठीच्या, म्हणजे दांडी हातात धरण्याच्या, बाजूला खाचेत किंवा साध्या फासाने अडकवतात. मग दांडीच्या मधल्या भागावर काही वेढे शेजारी शेजारी सरळ घेतात आणि त्यानंतर तिरपे वेढे सुरू करतात, म्हणजे खालून एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली. प्रत्येक वेढ्याला दांडी किंचित वळवत गेले की वेढे एकमेकांवर फुल्या घालत बसतात आणि गुंडा आपोआप आकार धरतो. शेवटी गुंडा टोकाच्या बाजूने सरकवून काढतात. मुठीशी अडकवलेले टोक हेच आता आतले टोक, आणि विणायला तेच घ्यायचे.

यात लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की फिरतो तो लोकर धरलेला हात. दांडी जवळजवळ जागेवरच असते. प्रत्येक वेढा दांडीच्या टोकावरून जातो, आणि असे करताना लोकरीत एकेक पीळ भरला जातो. गुंडाळताना हात आणि लडी यांच्यामधल्या लोकरीत मुरड पडताना दिसते, ती त्यामुळेच. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा ही मुरड पाहिली आणि तिथेच विचार थांबवला. कारण नंतर तेच आतले टोक मुठीच्या बाजूने ओढले की प्रत्येक वेढा सुटताना तेवढाच पीळ उलट दिशेने पडतो आणि दोन्हींची बेरीज शून्य होते. लोकर जशी लडीत होती तशीच हातात येते.

ही माझी समजूत नाही, यामागे गणित आहे. रोमानियाचे गणितज्ञ गेओर्गे कलुगरेआनू यांनी १९५९ ते १९६१ या काळात, आणि त्यांच्यानंतर जेम्स व्हाइट यांनी १९६९ मध्ये व ब्रॉक फुलर यांनी १९७१ मध्ये ज्या सूत्राला पूर्ण रूप दिले, ते सांगते की दोन्ही टोके जोडलेल्या पट्टीच्या कडा एकमेकींभोवती एकूण जितक्या वेळा गुंफलेल्या असतात ती संख्या म्हणजे पट्टीतला पीळ आणि पट्टीने अवकाशात घेतलेली वेटोळी यांची बेरीज असते, आणि पट्टी न तोडता तिला कितीही वाकवले तरी ही बेरीज बदलत नाही. पीळ वेटोळ्यांत जातो, वेटोळी पिळात येतात, एकूण तेवढेच राहते. पेशीत डीएनएचा धागा स्वतःभोवती कसा वेटाळतो हे समजून घेण्यासाठी जीवशास्त्रज्ञ हेच सूत्र वापरतात. टोके स्वतःभोवती वळू न देता धरून ठेवलेल्या धाग्यालाही हाच हिशेब लागू पडतो. हाताने गुंडाळताना लोकरीचे एक टोक मुठीशी अडकलेले असते आणि दुसरे लडीत. दोन्हींपैकी एकही स्वतःभोवती फिरत नाही. मग दांडी काढून घेतल्यावर आणि लोकर सरळ ओढल्यावर नवा पीळ येणार कुठून? गुंडाळताना दांडी हळूहळू वळवली जाते, तिच्या पूर्ण फेऱ्या जितक्या होतात तितकाच काय तो फरक राहतो, आणि वेढ्यांच्या मानाने त्या फेऱ्या फारच थोड्या असतात.

यंत्राचे उलट आहे. गुंडा करण्याच्या यंत्रात दांडाच गरगर फिरतो आणि खाचेत अडकवलेले आतले टोक त्याच्याबरोबर फिरते. म्हणजे गुंडाळताना लोकरीत पीळ भरत नाही, परंतु आतून ओढताना प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ पडतो आणि त्याला रद्द करणारे काहीही नसते. ज्या दोषासाठी संदेशाने दांडीला आरोपी केले आणि यंत्राला निर्दोष ठरवले, तो दोष यंत्राकडेच आहे.

ज्यांना गणितावर विश्वास नाही त्यांनी एक सपाट फीत घ्यावी. तिचे एक टोक दांडीच्या मुठीशी धरावे, दुसऱ्या हाताने फीत दांडीच्या टोकावरून दहा वेळा गुंडाळावी, वेढे टोकाकडून सरकवून काढावेत आणि दोन्ही टोके न वळवता ताणावीत: फीत सपाट निघेल. मग तेच टोक दांडीला चिकटवून, हात स्थिर ठेवून दांडीच दहा वेळा फिरवावी आणि वेढे तसेच काढून फीत ताणावी. या वेळी फितीत दहा पीळ मोजता येतील.

आता यंत्राची बाजूही घेते, कारण ‘कपडा विरतो’ हे विधान यंत्राच्या बाबतीतही खोटेच आहे. गुंड्याचा एक वेढा सरासरी वीस सेंटिमीटरचा धरला, तर एका मीटरमागे पाच पीळ वाढतात किंवा कमी होतात; अगदी आतल्या, दहा सेंटिमीटरच्या वेढ्यांत दहा. मध्यम जाडीच्या बहुपदरी लोकरीचे पदर साधारण सेंटिमीटरमागे एकदा एकमेकांभोवती फिरलेले असतात, म्हणजे मीटरमागे शंभर वेळा. आपल्या लोकरीवर मोजपट्टी ठेवून कोणीही मोजून पाहावे. शंभरात पाच इकडे-तिकडे झाल्याने कपडा विरत नाही. शिवाय पीळ सुटेलच असेही नाही, कारण तो वाढतो की कमी होतो हे लोकरीचा मूळ पीळ डावा की उजवा आणि गुंडा कोणत्या दिशेने गुंडाळला यावर ठरते. एका बाजूने आतले टोक ओढल्यावर जो पीळ पडतो, त्याच बाजूने बाहेरचे टोक वर ओढून घेतल्यावर त्याच्या उलट पडतो. त्यामुळे यंत्रावरच्या गुंड्यातली लोकर सैल पडते आहे असे वाटले, तर टोक बदलावे, एवढाच उपाय पुरेसा आहे.

एक सवलत मात्र द्यावी लागते. दांडीवर केलेल्या गुंड्याचे आतले टोक मुठीच्या बाजूने न घेता गुंड्यातून आरपार ओवून दुसऱ्या बाजूने काढले, तर दोन्ही पीळ एकमेकांना रद्द करण्याऐवजी एकमेकांत मिळतात आणि वेढ्यामागे दोन पीळ पडतात. एकपदरी, सैल कातलेल्या लोकरीला हे जाणवू शकते, कारण तिला बांधून ठेवणारे पिळाखेरीज दुसरे काही नसते; पीळ सुटण्याच्या दिशेने गेला तर ती विणताना हातात तुटूही शकते. संदेशात सत्याचा अंश शोधायचाच तर तो एवढा, आणि त्यावरचा उपाय गुंडा काढताना मुठीची बाजू लक्षात ठेवणे हा आहे.

लवचीकतेचा आरोप अर्धा खरा आहे, म्हणून अधिक त्रासदायक आहे. लोकर ताणून गुंडाळली आणि महिनोन्महिने तशीच ठेवली, तर ती ताणलेल्या अवस्थेतच राहते. तिच्याने विणलेला तुकडा धुतल्यावर आकसतो आणि टाक्यांचा हिशेब चुकतो. गुंडा सैलच हवा यात वाद नाही. सैल ठेवण्यासाठी गुंडाळताना अधूनमधून एक बोट वेढ्यांखाली धरावे, म्हणजे बोट काढल्यावर लोकरीला आकसायला जागा राहते; आणि लगेच विणायचे नसेल तर लोकर लडीतच राहू द्यावी. पण ‘कायमची जाते’ हे कुठून आले? लोकरीचे तंतू केराटिन या प्रथिनाचे असतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ॲस्टबरी यांनी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये १९३० च्या दशकात क्ष-किरणांनी दाखवले की तंतू ताणला की त्यातल्या रेणूंची घडी उलगडते आणि सोडल्यावर ती पुन्हा बसू शकते. ओला तंतू सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ताणला तरी पाण्यात मोकळा सोडल्यावर मूळ लांबीवर येतो. हाताने गुंडाळताना तंतूवर याच्या जवळपासही ताण पडत नाही. ज्या लोकरीबद्दल शंका असेल, तिची पुन्हा लडी करावी, कोमट पाण्यात भिजवावी आणि वजन न लावता वाळवावी. सुताचे तसे नाही. सुती धाग्याला मुळातच लवचीकता फारशी नसते, त्यामुळे जे नाही ते जाण्याचा प्रश्नच येत नाही.

गुंत्याचा मुद्दा थोडक्यात. सुरुवातीला आतून कधी कधी लोकरीचा एक पुंजका एकदम बाहेर येतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. आतले टोक मुठीशी नीट अडकवले नाही आणि ते वेढ्यांखाली दबले, तर शोधताना असा पुंजका निघतो. टोक वीतभर मोकळे ठेवले तर शोधावे लागत नाही. रेशीम, व्हिस्कोज, बांबू अशा निसरड्या धाग्यांचा गुंडा आतून रिकामा होत आला की ढासळतो आणि मग खरोखर गुंततो. हे धागे बाहेरच्या टोकानेच वापरावेत, मग ते दांडीवर गुंडाळलेले असोत की यंत्रावर. तिरपे वेढे मात्र नीट घ्यायला हवेत. सगळे वेढे सरळ, एकावर एक घेतले तर कोणताही गुंडा कोसळेल, आणि त्याचा दोष दांडीला देता येणार नाही.

विशिष्ट लाकडाच्या आरोपाला खरे तर उत्तर द्यायची गरज नव्हती. जाड मार्कर, लाटण्याची निमुळती मूठ, पुठ्ठ्याची नळी, यांपैकी कशावरही गुंडा होतो. वस्तू गोल असावी, तिच्यावर कुसळे नसावीत म्हणजे लोकर अडकणार नाही, आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा थोडे बारीक असावे म्हणजे गुंडा सहज सरकून निघेल.