ग्रंथालयं बंद करून वाचणार काय?

एक मजकूर अधूनमधून नव्या वेष्टनात फिरत येतो. त्याचा सारांश असा: सगळं मोबाइलवर मिळतं, वाचनालयात कुणी फिरकत नाही, ज्याला वाचायचं तो पुस्तक विकत घेतो आणि सरकार मात्र जनतेच्या पैशावर ही धूळ पोसतं. तेव्हा अनुदान थांबवा, टाळं ठोका आणि जागा अभ्यासिकांना द्या. शेवटी 'सहमत असाल तर पुढे पाठवा'. मी सहमत नाही, म्हणून उत्तर देतोय.

आधी पैशाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. 'सरकारी वाचनालयं' हा शब्दच मुळात चुकीचा. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेली अकरा हजारांच्या आसपास ग्रंथालयं आहेत आणि त्यांतली बहुतेक नोंदणीकृत संस्था चालवतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. तेव्हा महाराष्ट्र राज्य सोडाच, मुंबई विद्यापीठसुद्धा जन्मलं नव्हतं. लोकांनी वर्गणी काढून सुरू केलेल्या संस्थांना सरकार फक्त अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देतं.

ते किती? खेडोपाडी जी ड, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाची वाचनालयं दिसतात, त्यांना वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०२२ साली ठरलेल्या ६० टक्के वाढीनंतर ते ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातले निम्मे पगारावर खर्च करायचे. सकाळी वर्तमानपत्रं मांडणाऱ्या आणि संध्याकाळी देवघेव करून कुलूप लावणाऱ्या माणसाच्या हाती महिन्याला दोन हजार. उरलेल्या दोन हजारांत पुस्तकं, मासिकं, वीजबिल आणि असेल तर जागेचं भाडं. उधळपट्टी म्हणायला आधी उधळण्याइतकं हातात असावं लागतं! तमिळनाडूत मद्रासच्या १९४८च्या कायद्यापासून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. कर्नाटक आणि केरळच्या कायद्यांतही तशी तरतूद आहे. आपल्या कायद्यात ती नाहीच. त्यामुळे तुमच्या घरपट्टीतून ग्रंथालयाच्या नावाने पैसाही वेगळा कापला जात नाही.

आता 'सगळं नेटवर मिळतं'. नेटवरचं एखादं जुनं मराठी पुस्तक उघडा आणि पहिली चार पानं नीट बघा. कुठल्या तरी वाचनालयाचा गोल शिक्का दिसेल, दाखल क्रमांक दिसेल, कधी परतीच्या तारखांची चिठ्ठीही. कुणीतरी शंभर वर्षं ती प्रत जपली, म्हणून ती स्कॅन झाली. आणि हे झालं स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांचं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीने वाचलेल्या कितीतरी पुस्तकांवर अजून हक्क आहे. ती फुकट दिसत असतील तर चोरीची. हजारभर प्रतींची एक आवृत्ती निघाली, संपली, पुन्हा कुणी छापलीच नाही, अशी मराठी पुस्तकं ढिगाने आहेत. ती दुकानात नाहीत, नेटवर नाहीत. आहेत ती वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या कपाटात. दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. दिवाळी उलटली की ते बाजारातून गायब होतात आणि चार वर्षांनी त्यातली एखादी कथा हवी असेल तर अंक बांधून ठेवणारं वाचनालयच गाठावं लागतं. 'धूळ' म्हणतात ती हीच.

'ज्याला वाचायचं तो विकत घेतो.' घेतो ना. पण किती? साधी कादंबरी तीन-चारशे रुपयांना पडते. आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारी आजी किंवा दिसेल ते वाचणारा सातवीतला मुलगा यांचं गणित त्या भावात बसत नाही. शिवाय विकत घेताना माणूस ओळखीचं नाव घेतो. अनोळखी लेखकाचं पुस्तक घरी नेऊन पाहायचं, चौथ्या पानावर कंटाळून परत द्यायचं, ही चैन वर्गणीतच परवडते. आणखी एक गोष्ट प्रकाशकांना विचारा: नव्या लेखकाच्या पहिल्या आवृत्तीतल्या प्रती कोण घेतं? बऱ्याचदा वाचनालयंच. ती गेली तर विकत घ्यायलाही पुस्तक छापलं जाणार नाही.

अभ्यासिका हव्यातच, त्यात वाद नाही. स्पर्धा परीक्षांची मुलं शांत जागेसाठी दरमहा पैसे मोजतात, हे दिसतंय. पण अभ्यासिकेला खुर्ची, पंखा आणि दिवा लागतो. पुस्तकं मुलं आपली आपण आणतात. त्यासाठी कपाटं रिकामी कशाला करायची? कित्येक वाचनालयं दोन्ही चालवतातच.

राहिलं 'कुणी फिरकत नाही'. हे काही ठिकाणी खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. केवळ अनुदानासाठी कागदावर चालणारी वाचनालयं आहेत. २०१२ साली महसूल खात्याकरवी राज्यभर पडताळणी झाली ती त्याचसाठी. बोगस असतील त्यांची मान्यता काढा, वर्ग उतरवा. तपासणीची व्यवस्था कायद्यातच आहे. पण त्या पडताळणीनंतर नव्या मान्यता आणि वर्गवाढ दोन्ही बरीच वर्षं थांबली आणि भुर्दंड प्रामाणिकांना पडला. चार तरुणांनी मिळून खरोखर वाचनालय उभं केलं तरी तेव्हा अनुदानाचं दार बंद होतं, आणि ड वर्गातलं चांगलं चालणारं वाचनालय वर्षानुवर्षं ड मध्येच राहिलं.

तुमच्या गावचं वाचनालय खरं चालणारं आहे की कागदावरचं, हे मात्र मजकूर पुढे ढकलून कळणार नाही. एकदा संध्याकाळी जा, सभासद व्हा आणि देवघेवीची नोंदवही बघायला मागा. गेल्या महिन्यात किती पुस्तकं बाहेर गेली, ते तिथे लिहिलेलं असतं.