आयसीयूत क्यू-शीट

गेल्या शनिवारी नाशिकला गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून आमच्या जुन्या नाटकवाल्यांनी 'ऑल दॅट जॅझ' बघितला आणि त्यानंतर ग्रुपवर जे सुरू झालं ते दोन दिवस थांबलंच नाही. याला म्हणतात झपाटलेपण, आपण कसली नाटकं करतो, मरताना पण माणूस नाचाचे नंबर बसवतोय वगैरे वगैरे. मी इकडे स्टुटगार्टला भांडी घासत घासत वाचत होतो, आणि शेवटी न राहवून लिहिलं की अरे तो मेलाय त्यात. त्यावर उत्तर आलं, "तू जर्मनीत जाऊन मऊ पडलास."

पडलो असेन. पण पिक्चर मीही बघितलाय, एकदा नाही तीनदा, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॉब फॉसी म्हणजे ब्रॉडवेवरचा मोठा नृत्यदिग्दर्शक, १९७३ या एका वर्षात ऑस्कर, टोनी आणि एमी तिन्ही घेतलेला माणूस. १९७४ ला एकीकडे 'शिकागो'च्या तालमी आणि दुसरीकडे 'लेनी' या सिनेमाचं एडिटिंग असं दोन्ही एकदम चालू असताना त्याला हार्ट अटॅक आला, छाती उघडून ऑपरेशन झालं, आणि बाहेर आल्यावर या पठ्ठ्याने काय केलं तर त्याच्यावरच ही म्युझिकल फिल्म काढली, म्हणजे 'ऑल दॅट जॅझ'! १९७९ ची. त्यात स्वतःचं नाव बदलून 'जो गिडियन' केलं, तो रॉय शायडरने केलाय. रोज सकाळी कॅसेटवर विवाल्डी, डोळ्यात ड्रॉप्स, गोळ्या, शॉवरखाली सुद्धा तोंडात सिगरेट, आणि मग आरशात बघून स्वतःलाच शो सुरू झाल्याचं सांगायचं. हा सीन पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी चेहरा थोडा जास्त पडलेला. चार ऑस्कर, कान्सला १९८० चं मोठं बक्षीस कुरोसावाच्या 'कागेमुशा'बरोबर वाटून.

आता माझी तक्रार पिक्चरवर नाहीये. पिक्चर लबाड आहे आणि ते त्याला माहितीये. गिडियन मृत्यूच्या देवदूताशी, म्हणजे पांढऱ्या कपड्यातल्या जेसिका लँगशी, सगळं कबूल करतो, मी असाच वाईट, बायकांशी खोटं बोललो, मुलीला वेळ दिला नाही, पण कबूल करताना सुद्धा तो फ्लर्टच करत असतो आणि आपण प्रेक्षक पण फसतो. गर्लफ्रेंडचं काम कोणी केलंय, तर अ‍ॅन राइनकिंगने, जी खऱ्या आयुष्यात फॉसीची गर्लफ्रेंड होती. म्हणजे स्वतःचा पश्चात्ताप सुद्धा त्याने तिच्याकडून तालीम करून घेतला.

माझी तक्रार आपल्यावर आहे. आमचा मामा सातपूरला नोकरी करायचा आणि संध्याकाळी लाइट्स करायचा, राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसात तर घरी फक्त अंघोळीला. तो दर गणपतीत बालगंधर्वांची गोष्ट सांगायचा, १९११ ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी मुलगी गेली आणि तरी ते उभे राहिले. आम्ही पोरं डोळे विस्फारून ऐकायचो. मामी एकदा आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आणि त्या दिवशी घरी बायको काय करत होती ते नाही कोणी सांगत."

पुढे मामाची अँजिओप्लास्टी झाली आणि तिसऱ्या दिवशी आयसीयूत त्याने क्यू-शीट, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला लाइट बदलायचा त्याची यादी, मागितली. ही गोष्ट आमच्या घरात अजून कौतुकाने सांगितली जाते. मामी सांगत नाही.

आपल्या नाशिकच्या नाटककार कानेटकरांचा संभाजी आणि लाल्या ज्यांनी गाजवला ते काशिनाथ घाणेकर १९८६ ला दौऱ्यावर असतानाच अमरावतीला वारले. त्यांच्यावरचा पिक्चर २०१८ ला आला तेव्हा लोक थिएटरात शिट्ट्या वाजवत होते. मीही वाजवल्या, सुट्टीवर आलो होतो.

आता इकडचं. युरोपात नियम आहे की दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तास विश्रांती पाहिजेच, आणि इथले सरकारी थिएटरवाले तो खरंच पाळायला बघतात. तालीम रंगात आलेली असताना कोणीतरी घड्याळ बघतं. सुरुवातीला मला हे फारच रुक्ष वाटायचं. पण याच स्टुटगार्टच्या बॅलेला जगात नाव मिळवून दिलं ते जॉन क्रँकोने, फॉसीच्याच वर्षी म्हणजे १९२७ ला जन्मलेला, आणि तो १९७३ ला अमेरिका दौऱ्यावरून परत येताना विमानात झोपेची गोळी घेतल्यावर गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे घड्याळ बघणाऱ्या गावात सुद्धा माणूस जळायचा तो जळतोच, त्यामुळे 'परदेशात सगळं कसं शिस्तीत' हे मी म्हणणार नाही.

फरक दुसरीकडे आहे. इथल्या नटाला महिन्याचा पगार आहे, शो झाला नाही तरी. आपल्याकडे नाईट मिळते, प्रयोग झाला तर पैसे, नाहीतर घरी बसा. मग बॅकस्टेजचा पोरगा रात्रभर बसमध्ये झोपून दुसऱ्या गावी सेट लावतो ते झपाटलेपण नाही हो, त्याला भाडं भरायचंय! गिडियनला थांबता आलं असतं. आपण काय करतो तर गिडियनचं तेज या पोराच्या डोक्यावर ठेवतो आणि त्याची ओढाताण कौतुकात ढकलून देतो. २०२३ ला नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले तेव्हा याच ग्रुपवर सगळे चिडले होते. नाटकाचं नाव आलं की तेच तास पवित्र होतात.

पिक्चरमध्ये एक सीन आहे, गिडियन हॉस्पिटलात आणि निर्माते विमावाल्यांबरोबर हिशोब मांडून बसलेत, आणि निघतं असं की तो मेला तर शो न करताच फायदा होतो. गच्चीवर या सीनला काय झालं म्हणून मी मुद्दाम विचारलं. हसले म्हणे सगळे.

फॉसी १९८७ ला वारला, वॉशिंग्टनला, स्वतःच्याच जुन्या शोच्या नव्या प्रयोगाच्या संध्याकाळी, थिएटरच्या जवळ रस्त्यावर. साठ वर्षांचा होता. ग्रुपवर हे टाकलं तर तिघांनी हात जोडलेले पाठवले.

मला मऊ म्हणणाऱ्याने काल परत मेसेज केला, स्पर्धेच्या नाटकाचं लाइट डिझाइन बघ म्हणून. माझ्याकडे रात्रीचे साडेदहा, म्हणजे त्याच्याकडे तीन. मी विचारलं झोपला नाहीस का. तो म्हणाला बायको माहेरी गेलीये, शांतता आहे, आत्ताच काम होतं. मग दोन मिनिटांनी, "मामांना दाखवशील का?"

मी फाइल उघडली. दुसऱ्या अंकात क्यू जरा जास्तच आहेत.