बी.व्होक. झालात? अभिनंदन, आता पुढचं ऐका

सर्वप्रथम अभिनंदन. तीन वर्षं अन्नप्रक्रिया शिकून तुम्ही बी.व्होक., म्हणजे व्यावसायिक (व्होकेशनल) शिक्षणाचे पदवीधर, झालात. आता पदवीचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा आणि पावसात बुरशी धरत नाही ना, एवढं अधूनमधून बघा. बुरशीचं शास्त्र तुम्ही शिकलेलेच आहात. तेवढा तरी उपयोग होईल.

गणपतीत घरी राहू नका. चाकरमानी टाळ वाजवता वाजवता विचारतात, "काय रे, सध्या काय करतंस?" तुम्ही शिक्षण सांगता. "आयटीआयच मां ता?" नाही म्हणालात तर पुढचा प्रश्न तयार असतो, "मगे तीन वर्सां कित्याक?" (आयटीआयवाल्याला हसू नका. माझ्या वर्गातला दहावीनंतर वायरमन झाला, त्याची मोटरसायकल कधीच फिटली.)

शिकाऊ उमेदवारी करा. 2019 च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान 9000 रुपये विद्यावेतन ठरवलं. गोव्यात खोली भाड्याने घ्या आणि उरलेल्या पैशांत काय करायचं ते सुचलं तर मलाही कळवा.

लग्नाच्या बायोडाटात फक्त 'ग्रॅज्युएट' लिहा.

सरकारी नोकरीचा अर्ज मात्र जरूर भरा, प्रवास घडतो. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'कोणत्याही शाखेची पदवी'. ऑनलाइन फॉर्ममध्ये बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आणि सगळ्यांत खाली 'इतर'. मी 'इतर' निवडलं. परीक्षा दिली, पास झालो, गेल्या महिन्यात कागदपत्र पडताळणीला बोलावणं आलं. कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर उभा राहून दादर गाठलं, स्टेशनवरच तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला. टेबलामागच्या साहेबांनी माझं प्रमाणपत्र उलटं करून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"हे किती वर्षांचं आहे?"

"तीन वर्षांचं, सर."

"मग व्होकेशनल कशाला लिहिलंय?"

याला काय उत्तर द्यायचं? मी लिहिलं का ते? मी अदबीने सांगितलं की, सर, विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 सालीच ही पदवी म्हणून जाहीर केली आहे. एका वर्षाने सोडलं तर डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन पूर्ण केली की पदवी. त्यांनी 'डिप्लोमा' एवढाच शब्द ऐकला. "म्हणजे डिप्लोमाच ना!" मग शिक्का हातात घेतला, परत ठेवला आणि म्हणाले, पदवी समकक्ष असल्याचं पत्र आणा, आठ दिवसांत.

विद्यापीठात गेलो. तिथल्या बाईंचंही बरोबर होतं. "अहो, ही पदवीच आहे, आम्हीच दिली आहे. पदवी पदवीच्या समकक्ष आहे असं पत्र कसं देणार?" मी म्हटलं, नेमकं हेच लिहून द्या. लेखी देता येत नाही. तोंडी कितीही वेळा सांगतील. आठ दिवस संपले, यादी लागली, माझ्या नावापुढे 'अपात्र'. शैक्षणिक अर्हता नाही! आधी ज्यांनी फी घेऊन शिकवलं आणि मग ज्यांनी फी घेऊन अर्ज भरून घेतला, त्यांपैकी एकालाही हे आधी सांगावंसं वाटलं नाही.

असो. शांत राहा. नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा. हे आम्हाला समारोपाच्या भाषणात सांगितलंच होतं. सूक्ष्म अन्नप्रक्रियेची केंद्राची योजना आहे, 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. फक्त आधी बँकेने कर्ज द्यायला हवं. बँकेतले साहेब चहा देतात आणि तारण विचारतात. तुमच्याकडे सातबारा आहे की! पणजोबांपासून सुरू होऊन सतरा नावांवर पोचलेला. त्यातले नऊ मुंबईत, दोघं बडोद्याला आणि एक कुठे आहे ते त्याच्या सख्ख्या भावालाही ठाऊक नाही. सह्या हव्यात? गणपतीत गाठा सगळ्यांना. घरी राहू नका असं मी वर म्हटलं होतं, ते मागे घेतो.

एप्रिलात आमच्याकडे काजूच्या कुठल्याही बागेत येऊन बघा. बी काढून घेतलेली आणि बोंडांचा खच पडलेला, आंबूस वास पार रस्त्यापर्यंत. पलीकडे गोव्यात त्याच बोंडाची फेणी होते, तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या वेंगुर्ला काजूलाही 2016 मध्ये मिळालं, बोंडू मात्र अजून गुरांपुढे नाहीतर शेणकीत. त्या रसाचा तुरटपणा साबुदाण्याच्या पेजेने खाली कसा बसवायचा, ते मला येतं. आमरसाचा पी.एच. 4.6 च्या खाली का ठेवायचा, नाही ठेवला तर बंद डब्यात कसलं विष तयार होतं, तेही येतं. हे ज्याला येतं त्याला तुम्ही काजूच्या फॅक्टरीत पोती मोजायला बसवता आणि वर विचारता, मुंबयक कित्याक जाणस नाय?

आणि हो, तुम्हीच. आरतीत मला आयटीआय म्हणून हसलेले काका, "बी.व्होक.वाल्याक कोण मुलगी देतला" म्हणणाऱ्या मावशी. दर जूनमध्ये तुमचाच फोन येतो ना? "अरे, लोणच्यार बुरशी इली, काय करू?" "कोकमाची बाटली फुगली, पियाची की टाकायची?" तेव्हा कुठे जातं तुमचं आयटीआय? तीन वर्षं मी फुकट उत्तरं दिली, मीठ किती, तेल किती, बरणी उन्हात किती वेळ. यंदा फोन करू नका. करायचाच असेल तर आधी समकक्षतेचं पत्र आणा.