नत्र, स्फुरद आणि तात्या

ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच लातुरात, दुसऱ्या मजल्यावर, टीव्हीशेजारी मी समुद्र केलाय. दोनशे लिटरचा, काचेच्या टाकीत, मासे-प्रवाळांसकट. पाणी आरओचं आणि त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबानं समुद्री मीठ. मीठ कालवायला बसलो तेव्हा शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "कैऱ्या कुठंयत? लोणचं घालायलाव ना?"

आरओ एक बादली पाणी देतो आणि तीन बादल्या टाकून देतो. त्या तीन बादल्यांनी आमच्याकडं फरशी, संडास आणि मोटारसायकल धुतली जाते. या घरात स्वच्छता आणली ती माशांनी, असं बायको पाहुण्यांना सांगते. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असतं. प्रवाळाला सव्वीसच्या वर फार चालत नाही, म्हणून टाकीला चिलर आहे. माणसांना कूलर. लाइट गेली की इन्व्हर्टरवर आधी टाकीचे पंप चालतात, मग जमलं तर पंखा.

प्रवाळ म्हटल्यावर कुणी लगेच वनखात्याला फोन करू नये. दगडी प्रवाळाला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाच्याच अनुसूचीत, पहिल्या, बसवलंय. त्यामुळं माझ्याकडं सगळे मऊ, बिनहाडाचे गडी: झोअँथिड आणि मशरूम. दिसायला बटणं आणि भजी, पण निळ्या दिव्याखाली अशी पेटतात की लग्नातली रोषणाई फिकी पडावी.

म्हणजे पेटायची. मग त्यांच्यावर शेवाळ चढलं.

हिरवं, केसाळ, बोटभर लांब. खडकावर, पंपावर, थर्मामीटरवर. जुन्या टूथब्रशनं घासावं, नळीनं ओढून घ्यावं, तर चार दिवसांत पुन्हा डोक्यावर केस. टर्बो गोगलगायी आणल्या. त्या खातात चांगलं, पण खडकावरून घसरून उताण्या पडल्या की त्यांना सुलटं होता येत नाही. झोपायच्या आधी टॉर्च घेऊन त्यांना उपडं करत फिरणं हे माझ्याकडं आलं.

तेवढ्यात औशाकडून तात्या आले. बियाणं आणि डीएपी खत न्यायला. दुकानापुढच्या रांगेत सकाळ गेलेली, पोतं मिळालेलं नाही. टाकीपुढं खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाबू, रान लई माजलंय. खत काय टाकायलास?"

मी म्हटलं, टाकत नाही तात्या, काढायलोय. नायट्रेट आणि फॉस्फेट वाढलं की हे असं होतं.

"म्हणजे नत्र आणि स्फुरद."

"हो."

"आम्ही ज्याच्यासाठी उन्हात उभारलाव, ते तू पैसे देऊन काढून फेकायलास?"

यावर उत्तर नव्हतं. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. सरकारी अनुदानावर ते १,३५० रुपयांना मिळतं, म्हणजे मिळालं तर. माझे फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे अर्धा किलोच आणले, तरी बिल त्याच्या वर गेलं. आणि एवढं करून काढायचं किती? दोनशे लिटर पाण्यात फॉस्फेट ०.१ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.१ मिलिग्रॅम, असलं तर सगळं मिळून २० मिलिग्रॅम. तात्या तेवढं तर नखात घेऊन जातील.

हे येतं कुठून, तर खाण्यातून. माशांना घातलेलं प्रत्येक दाणं शेवटी नायट्रेट-फॉस्फेट होतं. आमच्याकडं खाऊ घालायचं खातं आईकडं आहे. क्लाउन मासा काचेशी येऊन तोंड उघडझाप करतो, तो श्वास घेत असतो. आईला मात्र तो "माय" म्हणताना दिसतो. "लेकरू कवाचं बघायलंय," म्हणत ती चिमूट सोडते. दिवसातून एकदाच, असं मी डब्यावर लिहून चिकटवलं. तिनं डबा बदलला.

मग चाचणी. काचेच्या छोट्या कुपीत टाकीचं पाणी, त्यात थेंब आणि पूड, हलवून ठेवायचं. फॉस्फेट असेल तर निळं होतं. ती कुपी पांढऱ्या कार्डावर धरून खिडकीशी नेली आणि घर जमा झालं. बायको म्हणाली, फिकट आस्मानी. मुलगी म्हणाली, रंगच नाहीये. आई म्हणाली, ब्लाउजपीसला छान दिसंल. बहुमतानं शून्य ठरलं.

"शून्य कसं?" मी वैतागलो. "खडकावर तर कुरण आहे."

तात्या अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. "तणानं खाल्लं की रे. तणाच्या पोटात गेल्यावर मातीत कसं सापडंल?"

हेच मला इंटरनेटवर रात्र-रात्र जागून, आलेखांसकट वाचावं लागलं होतं.

शेवटी खालच्या टाकीत किटोमॉर्फा लावलं. हेही शेवाळच, पण शहाणं. घासणीच्या गुंत्यासारखं एका जागी वाढतं, नायट्रेट-फॉस्फेट खातं आणि वाढलं की मूठभर तोडून फेकायचं. तात्यांना दाखवलं.

"तण मारायला तण लावलंस. आणि आलेलं पीक?"

"फेकायचं."

"फेकायचं," ते समजुतीनं म्हणाले. "भाव नसला की कांद्याचं आम्हीबी तेच करताव."

किटोमॉर्फा, लोहाचे दाणे आणि फेस काढणारं स्किमर असे तिघं मिळून कामाला लागले. स्किमरच्या भांड्यात जो चहाच्या रंगाचा काढा जमतो तो रिकामा करायला मला गच्चीवर पाठवतात आणि खाली आल्यावर थेट बाथरूममध्ये. पण केस गेले. खडक उघडा पडला. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि यावेळी खरोखरचं.

आठवडाभरानं त्या स्वच्छ खडकावर तपकिरी शेंबूड आला. दिवसा त्यातून बारीक बुडबुडे निघायचे, रात्री दिवे गेले की तो विरळ व्हायचा. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म जीव. पाण्यात खायला काहीच उरलं नाही की बाकीचे सगळे उपाशी मरतात आणि हे मोकळ्या जागेवर माजतात. काहींत विषही असतं. टर्बो आता उताण्या नव्हत्या, नुसत्याच पडून होत्या. यावर जाणकारांचा पहिला सल्ला असा, की नायट्रेट पाच-दहावर आणि फॉस्फेट ०.०५ च्या वर न्या. कसं न्यायचं? बाटलीतून. नायट्रेटची वेगळी, फॉस्फेटची वेगळी, विकत.

बाटल्यांचं पार्सल फोडलं तेव्हा तात्या होतेच, पेरणी उरकून आलेले. लेबल वाचता येईना म्हणून त्यांनी विचारलं, यात काय आहे. मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पंच्याचा शेव तोंडाला लावून खांदे हलेपर्यंत हसले.

"एवढ्यासाठी पार्सल कामून मागवायचं? घरी युरिया हाय अर्धं पोतं. कडुलिंबाचं कोटिंगवाला हाय, कीडबी लागायची नाही. पुढल्या खेपेला आणू का?"

"नको तात्या, मासे मरतील," मी म्हणेपर्यंत आई आतून ओरडली, "आणा हो भावजी, लई वाळलेत लेकरं."