काका, गुळण्या उद्यापासून

नमस्कार काका,

अक्कलदाढेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मीठ-पाणी आणि लवंगेचं तेल फुकटात होतं म्हणून तुम्हा डेंटिस्टांच्या डोळ्यांत खुपतं. आमच्या वडिलांनी दाढ काढून घरी आल्याआल्या गुळण्या केल्या, काही झालं नाही." लेखात मी गुळण्यांना नाही म्हटलेलं नाही. पहिले 24 तास नको, एवढंच म्हटलंय.

दाढ निघाली की हाडात खड्डा उरतो आणि त्यात रक्ताची गुठळी बसते. उघड्या हाडावर तेच झाकण. पहिल्या दिवशी ते कच्चं असतं. खळखळून चूळ भरली, जोरात थुंकलं, स्ट्रॉने ताक ओढलं की सुटून येऊ शकतं. मग दोन-चार दिवसांनी, आता बरं वाटायला हवं अशा वेळी, कानापर्यंत ठणका लागतो. आत डोकावलं तर गुठळी नसते, करडं हाड दिसतं, तोंडाला घाण वास येतो. याला आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. तुमच्या वडिलांना तो त्रास झाला नाही, चांगलंच झालं. बहुतेकांना होत नाही. वरच्या दाढेत तर क्वचितच होतो; खालची, हाडात अडकलेली दाढ कापून काढली असेल तर धोका जास्त. वडिलांची कुठली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही.

लवंगेशी आमचं वैर कसलं? ड्राय सॉकेट झालं तर आम्हीच खड्डा धुऊन त्यात युजेनॉलचं औषध भरतो, आणि युजेनॉल हा लवंगेच्या तेलातलाच मुख्य घटक. पण निव्वळ तेलात बुडवलेला बोळा ताज्या जखमेत कोंबला तर हिरडी भाजते, वर पांढरा पापुद्रा धरतो.

खरं तर मला गुळण्यांपेक्षा मशेरीची धास्ती जास्त. "तंबाखू खाता का?" विचारलं की आजी ठामपणे "नाही" म्हणतात आणि टाके काढायला येतात तेव्हा दोऱ्यावर काळी भुकटी चिकटलेली असते. त्यांच्या हिशेबी मशेरी म्हणजे दात घासायची वस्तू. भाजलेला असला तरी तो तंबाखूच, जखम भरू देत नाही. म्हणून मी आता मशेरीचं वेगळं विचारते. बिडी-सिगारेटचं तर बोलायलाच नको.

बर्फाने सर्दी होते म्हणालात. बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून धरायचा, पंधरा-वीस मिनिटं, मग तेवढाच वेळ थांबायचं. तेही पहिल्याच दिवशी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, तेव्हा आरसा पाहून घाबरू नये. त्यानंतरही वाढत राहिली, ताप आला, पू आला किंवा गिळताना त्रास झाला तर मात्र घरी बसू नका.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक जेवणानंतर. तोंडात घ्या, मान हळूच इकडून तिकडे कलवा आणि पाणी बेसिनमध्ये आपसूक पडू द्या.

शेवटी लिहिलंत की तुमचीही खालची दाढ काढायची आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डेंटिस्टला आधीच सांगा. ती स्वतःहून बंद करू नका.