‘सायलेंट’ म्हणून घेतलेला जनरेटर आणि एक स्टार: दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला आणि सोबतचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दुकानातून 42 हजारांचा 2 केव्हीए ताकदीचा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर घेतला, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराच्या वाटेवरच्या शेतात घरच्यांसोबत मुक्कामाला नेला, तर कानठळ्या बसल्या, मिक्सर लावला की लाइट गेली, मशीन दोनदा आपोआप बंद पडलं, टाकी साडेदहालाच संपली, आणि शेजारच्या तंबूवाल्यांनीही आवाजाची तक्रार केली. ऑनलाइन तसलंच मशीन 9 हजारांनी स्वस्त दिसलं. आणि दुकानात फोन केला तर “मशीन असंच असतंय” एवढंच उत्तर मिळालं.

फोनवरच्या उत्तराबद्दल माफी मागतो. तसं बोलायला नको होतं, आणि ज्यानं फोन घेतला होता त्याच्याशी बोलणं झालं आहे. दुसरी चूक त्याहून मोठी. विकताना काउंटरवरच्या पोरानं तुम्हाला सांगितलं, “आवाजच येत नाही, शेजारी झोपला तरी चालतंय.” हे वाक्य आमच्या दुकानात निघालं याची मला लाज वाटते, आणि ती फक्त आवाजापुरती नाही. त्यावर खाली येतो.

आता मशीनकडे. इन्व्हर्टर जनरेटर शांत असतो तो कमी लोडवर, म्हणजे त्याच्यावर थोडीच वीज ओढली जात असताना. साध्या फ्रेमच्या सेटचं, म्हणजे उघड्या सांगाड्याच्या नेहमीच्या जनरेटरचं, इंजिन एक बल्ब लावा नाहीतर दहा, मिनिटाला 3,000 फेऱ्यांवरच पळतं, कारण आपल्याकडच्या विजेच्या 50 हर्ट्झसाठी (सेकंदाला 50 आवर्तनं) त्याला तोच वेग धरावा लागतो. इन्व्हर्टरवाल्यात वीज आधी डीसी (एकाच दिशेची) होते आणि मग पुन्हा एसी (घरात येते तशी), त्यामुळे इंजिनाला वेगाचं बंधन नाही. लोड हलका असला की ते निवांत चालतं, लोड चढला की तेही बोंबलतं. तुमच्या मशीनच्या पुस्तकात 7 मीटरवरून पाव लोडला 53 डेसिबल आणि पूर्ण लोडला 61 दिलेत. आकडे जवळचे वाटतात, पण दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट लागतो.

मग तुमचा लोड किती होता? व्हिडिओत मांडववाल्याकडचे दोन हॅलोजन दिसतात. ते 500 वॅटचे असतात, म्हणजे 1,000 तिथंच गेले. पांढऱ्या रश्श्याच्या वाटणाला मिक्सर, 750. वर गाण्याचा स्पीकर. मशीनची सलग ताकद 1,600 वॅट, खोक्यावर छापलेले 2,000 हे थोड्या वेळापुरते. शिवाय उंचीवर हवा विरळ, दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरते. तुमचं शेत 3,000 फुटांच्या आसपास असणार, म्हणजे तिथं हाताशी साडेचौदाशेच राहिले. मिक्सरची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त ओढते, म्हणून तेवढ्यात लाइट गेली. ते मशीननं स्वतःला वाचवलं. टाकीचंही तेच: पाव लोडला सात-आठ तास जाते, पूर्ण लोडला तीन-साडेतीन.

हे सगळं विकताना विचारायचं काम आमचं होतं. “काय काय लावणार?” एवढा एक प्रश्न. तो विचारला असता तर हॅलोजनच्या जागी 50 वॅटचे दोन एलईडी फ्लड (फ्लडलाइट) सुचवले असते. 1,000 वॅटचं काम 100 वॅटमध्ये झालं असतं, मिक्सर बिनबोभाट फिरला असता आणि बाकीचा सगळा वेळ इंजिन जवळजवळ आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर राहिलं असतं. पुढच्या बाजूला इकोचं बटणही आहे. व्हिडिओत ते बंद दिसतं. ते चालू केल्याशिवाय इंजिन लोड बघून वेग कमी करत नाही. हेही कुणी दाखवलं नसणार.

एक गोष्ट मात्र मला हसू आणि रडू दोन्ही आणून गेली. जनरेटर ठेवलाय कुठं, तर उसाच्या ट्रॉलीत! पत्र्याच्या ट्रॉलीत चालू इंजिन म्हणजे हलगीच की ओ ताई, आणि मागं दगडी बांध आवाज परत तुमच्याकडे फेकायला. ट्रॉली उतारावर होती, तेच दोनदा बंद पडण्याचं कारण. या छोट्या इंजिनांत ऑइल अर्धा लिटरच्या आसपास असतं. मशीन कललं की ऑइल एका बाजूला जातं, सेन्सरला वाटतं संपलं, आणि तो इंजिन बंद करतो. सपाट मातीवर, खाली जुना रबरी पट्टा टाकून ठेवलं की दोन्ही त्रास मिटतात.

अंतराचं गणित त्याहून सोपं. उघड्या रानात अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. तुम्ही बसलात तिथून ट्रॉली दहा फुटांवर होती, म्हणजे पूर्ण लोडला कानाशी 68 च्या आसपास. तेच मशीन 100 फूट केबल टाकून लांब नेलं असतं तर 50 च्या खाली आलं असतं. घराघरांच्या भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा कायद्यात आहे. तुमच्या शेजारच्या तंबूवाल्यांनी कायदा वाचला नसेल, पण त्यांचे कान बरोबर होते.

आणि आता ते “शेजारी झोपा”. व्हिडिओत सायलेन्सरचं तोंड तंबूच्या दाराकडे आहे. हे पाहून मी त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता, लागला नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितो. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. मशीन कितीही शांत असो, तंबूपासून किमान 20 फूट लांब आणि धूर वाऱ्याबरोबर पलीकडे जाईल असंच ठेवायचं. तंबूत, गाडीत, पडवीत, अर्धवट बंद गोठ्यात अजिबात नाही. पाऊस आला म्हणून आत ओढायचं नाही. आमच्या पोराला हे आता तोंडपाठ आहे.

ऑनलाइनच्या 9 हजारांबद्दल. तुम्ही दिलेली लिंक उघडली. तो साधा फ्रेमचा सेट आहे, ज्याच्यावर ‘सायलेंट’ असं रंगवलंय. पंप चालवायला, बांधकामावर ड्रिलला तो उत्तम, आम्हीही विकतो. मुक्कामाला नको. आणि त्याच्या जाहिरातीत 61 आणि आपल्या मशीनच्या स्टिकरवर 86 बघून तुम्ही आम्हाला खोटं ठरवलंय, तेवढं मान्य नाही. पेट्रोल जनरेटरसाठी सरकारची 86 ची जी मर्यादा आहे ती मशीन एकूण किती आवाज सोडतं त्याची आहे, तुमच्या कानाशी किती पोचतो त्याची नाही. बल्बचे वॅट वेगळे आणि पुस्तकावर पडणारा उजेड वेगळा, तसं. 86 चा आवाज सोडणारं मशीन 7 मीटरवर साधारण 61 च दाखवतं. त्यामुळे कुठलाही आकडा बघताना किती अंतरावरचा आणि किती लोडवरचा, हे विचारायचं. दोन्ही लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्यायचा.

आता थोडं धंद्याच्या विरोधात बोलतो. वर्षातून दोन मुक्काम करणाऱ्यानं जनरेटर विकत घेऊच नये. आम्ही भाड्यानं देतो, दिवसाला 1,200. आणि फक्त चार एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जिंग असेल तर बॅटरीचा पॉवर स्टेशन (घरी चार्ज करून न्यायचा मोठा बॅटरी-डबा) पुरतो. रात्रभराला 300-400 वॅट-अवर साठवलेली वीज खूप झाली, आवाज शून्य, धूर शून्य. रश्श्याचं वाटण घरून करून न्यायचं.

मशीन ठेवणार असाल तर एक सांगतो. 2019 च्या पुरात लोकांनी रातोरात सेट नेले, पाणी ओसरल्यावर पेट्रोलसकट माळ्यावर टाकले. 2021 ला परत पाणी आलं तेव्हा निम्मे सेट दोरी ओढून ओढून चालू होईनात, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) चिकटलेले. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे, ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे ठेवताना टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामं करायचं. पहिलं ऑइल 20 तासांनी बदलायचं, ते आमच्याकडे फुकट.

तुमच्यासाठी दोन वाटा. मशीन ठेवायचं असेल तर दोन 50 वॅटचे एलईडी फ्लड आणि 30 मीटरची केबल दुकानाकडून, आणि पुढच्या मुक्कामाला मी स्वतः येऊन मांडून देतो. नको असेल तर महिन्याच्या आत परत आणा, दोन दिवसांचं भाडं वजा करून बाकीचे पैसे मिळतील. स्टार वाढवा असं म्हणणार नाही.

आणताना टाकीतलं पेट्रोल काढा आणि मशीन डिकीत आडवं टाकू नका, ऑइल सिलेंडरमध्ये चढतं.