कार्ड कुणाचं, गाठ कसली?

2023 साली महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे कार्डावर मोफत उपचार, द्यायचं ठरवलं आणि कर्नाटकात तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्याला कडाडून विरोध केला. तेव्हा घरच्या फोनवर दुसरा विषय नव्हता. मी इथे मँचेस्टरला, आणि कर्नाटकातल्या खानापूरला मावशीच्या पोटात पाणी झालेलं. अंडाशयाचा कॅन्सर. पिशवी काढली, सहा किमो झाल्या.

त्याच सुमारास माझ्या इथल्या शेजारणीला हाच आजार निघाला. तिच्या गाठीची आणि रक्ताची जनुक तपासणी किमोइतकीच नेमाची होती. मावशीच्या डॉक्टरांनी मात्र मी फोनवर विचारेपर्यंत ती गोष्ट काढलीही नव्हती.

इथे सगळं सोनं आहे असं नाही. हीच शेजारीण पोट फुगतंय म्हणून जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, चारदा गेली आणि चारही वेळा ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन परतली. हा आजार लवकर सापडतच नाही. दोन लाखांवर बायकांच्या ब्रिटिश चाचणीचा निकाल 2021 मध्ये आला: दरवर्षी रक्त, सोनोग्राफी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत. मग सापडलेली गाठ तरी नीट वाचायला नको?

2011 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अशा 489 गाठी तपासल्या. सुमारे निम्म्या गाठींत डीएनए दुरुस्तीची एक वाट बिघडल्याच्या खुणा होत्या. आमच्याकडच्या माणसाला हे लगेच कळेल. दरड पडून चोर्ला घाट बंद झाला की गोव्याची गाडी अनमोडवरून जाते. पेशीकडेही डीएनए दुरुस्तीच्या अशा वेगवेगळ्या वाटा असतात. त्यातली एक वाट सांभाळणारं बीआरसीए जनुक बिघडलेल्या कॅन्सरपेशीचा चोर्ला आधीच बंद असतो. ओलापरिबची गोळी अनमोडही अडवते. निरोगी पेशीचा चोर्ला उघडाच असतो, ती सुटते. कॅन्सरची पेशी अडकून मरते. या गोळीला 2014 मध्ये मान्यता मिळाली. 2018 च्या चाचणीत, पहिल्या किमोनंतर ती घेणाऱ्या बीआरसीए रुग्णांमध्ये आजार पुन्हा बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका 70 टक्क्यांनी कमी दिसला. पण दुरुस्तीची वाट शाबूत असेल तर गोळीचा फायदा फारसा नाही. म्हणून आधी तपासणी.

सीमाप्रश्न मला खोटा वाटत नाही. कन्नडमधला सातबारा हातात पडला आणि त्यातलं अक्षर लागेना, की भाषा म्हणजे काय ते कळतं. पण कार्ड कुठल्या सरकारचं यावर आम्ही एवढे भांडलो, आणि त्या कार्डावर गाठीची जनुक तपासणी होते का, हे विचारलेलं मला तरी कुठे दिसलं नाही. मराठीचा आग्रह धरायचाच तर इथे धरा: रिपोर्ट मराठीतून समजावणारा माणूस द्या. कारण जगातली जनुकांची माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची. आपल्याकडच्यांच्या रिपोर्टात ‘बदल आहे, अर्थ लागत नाही’ हे उत्तर जास्त येतं. ते परक्या भाषेत ऐकून बाईनं काय करायचं? इथे मँचेस्टरला माझ्यासाठी फोनवर दुभाषी मिळतो, आणि मला तर इंग्रजी येतं!

मावशीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, कपाटात रेशनकार्डाशेजारी पडून आहे. पुण्याला पाठव म्हटलं तर मावसभाऊ म्हणतो, “पिशवी काढलीय की, अजून कसली तपासणी?” मावसबहीण काहीच बोलत नाही. तिला बघायला निपाणीची मंडळी येणार आहेत, आणि आईच्या रिपोर्टात वारशानं येणारं काही निघालं तर पुढची सुई आपल्याच दंडात, हे तिला कळलंय.